नावावर जाऊ नका, पत्ता बघा

मंडळी, मशीन सुरू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांपैकी नको असलेले कोणते आणि घातक कोणते, हा आजचा विषय. सुरुवात एका अफवेपासून करतो. २००१ साली जगभर एक ईमेल फिरत होती. तुमच्या मशीनमध्ये 'एसयूएलएफएनबीके' नावाची फाइल आहे का ते शोधा, असली तर तो व्हायरस आहे, लगेच उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा, असा तिचा मजकूर. लोकांनी शोधलं आणि फाइल सापडली. सापडणारच, कारण ती विंडोज ९८ बरोबरच आलेली असायची. फाइलींची लांबलचक नावं बिघडली तर ती पूर्ववत करणारा तो विंडोजचाच एक छोटा प्रोग्राम होता. पुढच्याच वर्षी दुसरी मेल आली. या वेळी फाइल 'जेडीबीजीएमजीआर', आणि तिचं चिन्ह म्हणजे चक्क एक टेडी अस्वल. मायक्रोसॉफ्टच्या फाइलवर अस्वल कशाला असेल, अशी शंका येऊन लोकांनी तीही काढून टाकली. ती बिचारी जावाच्या प्रोग्रॅमरांच्या कामाची होती. व्हॉट्सअ‍ॅप यायच्या कितीतरी आधीचे हे फॉरवर्ड.

आता याच्या उलट. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला. चालू मशीनवर अचानक साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप बंद होऊन परत चालू व्हायचं. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. या वर्मने मशीन सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत स्वतःचं नाव काय लावलं होतं? 'विंडोज ऑटो अपडेट'. आणि त्याचा हल्ला ठरलेला होता तो मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या संकेतस्थळावरच! 

म्हणजे विचित्र नावाची फाइल निरुपद्रवी आणि सरळ नावाची फाइल चोर. त्यामुळे इंटरनेटवर 'हे चाळीस प्रोग्राम ताबडतोब बंद करा' अशा याद्या मिळतात, त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नाव ही मशीनमधली सगळ्यांत स्वस्त गोष्ट. कोणीही कोणतंही लावावं.

दुसरी गोष्ट, नको असलेला प्रोग्राम आणि घातक प्रोग्राम यांची गल्लत करायची नाही. पहिल्याला फक्त सकाळी लवकर उठू द्यायचं नाही, एवढंच. दुसऱ्याला घराबाहेर काढायचं असतं, आणि तो जाताना काय घेऊन गेला तेही बघायचं असतं. बहुतेक लोक दोघांनाही एकाच बटणाने, 'डिसेबल'ने, वागवतात.

आधी साधं काम करू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे, विंडोज ११ मध्ये त्याला 'स्टार्टअप अ‍ॅप्स' म्हटलंय. विंडोज ८ पासून ही सोय इथे आली. त्याआधी 'एमएसकॉन्फिग' टाइप करून जावं लागायचं, आणि जुन्या मशीनवर अजूनही तोच रस्ता आहे.

या यादीत 'स्टार्टअप इम्पॅक्ट' नावाचा रकाना आहे, आणि तिथे 'हाय' दिसलं की माणसं घाबरतात. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात 'हाय' म्हणजे काय, तर त्या प्रोग्रामने सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर तीन एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं. तीन एमबी म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. आजच्या एसएसडीवर हे जाणवतसुद्धा नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र असे आठ-दहा प्रोग्राम एकदम उठले की डिस्क अक्षरशः घरघरते आणि तुम्ही चहा टाकून येता. तेव्हा 'हाय' हा आरोप समजू नका, ते फक्त मोजमाप आहे. मशीनच जुनं असेल, तर यादी साफ करण्यापेक्षा एसएसडी बसवण्याचे पैसे जास्त कामी येतात, हे माझं स्पष्ट मत.

आता नको असलेले कोण? गाणी ऐकायचं अ‍ॅप, मीटिंगचं अ‍ॅप, गेमचा लाँचर, प्रिंटरबरोबर आलेला 'शाई संपत आली' सांगणारा मदतनीस, दोन-तीन कंपन्यांचे अपडेटवाले. हे बंद केले म्हणून ते मशीनमधून जात नाहीत. तुम्ही उघडाल तेव्हा उघडतील. इथला 'डिसेबल' काही पुसत नाही, नोंद तशीच ठेवून तिच्यावर 'सध्या नको' एवढी खूण करतो. चुकलं तर तिथेच 'एनेबल' आहे. म्हणून या पायरीला घाबरायचं कारण नाही. एकच पथ्य पाळा. एका वेळी दोन-तीन नोंदी बंद करा, मग 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन हे पूर्ण बंद होणं नसतं, सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवलेला असतो. रीस्टार्ट केल्यावर मशीन खरोखर पहिल्यापासून सुरू होतं, आणि परिणाम तेव्हाच नीट दिसतो.

पण काही नोंदींवर हात टाकण्याआधी थांबा. टचपॅडचा प्रोग्राम बंद केलात तर दोन बोटांनी स्क्रोल करणं बंद पडू शकतं. कर सल्लागारांकडे डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम सुरुवातीलाच उठतो. तो बंद केला की रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी टोकन 'सापडत नाही', आणि दोष पोर्टलला दिला जातो. आणि आपल्या मराठी लोकांचा खास विषय म्हणजे 'सीटीएफमॉन'. विंडोज एक्सपीच्या काळात इंग्रजी सल्ल्यांमध्ये हा हमखास 'अनावश्यक' म्हणून दाखवलेला असायचा. ज्याला फक्त इंग्रजीत टाइप करायचंय त्याला तो नसला तरी चालायचं. पण खालच्या पट्टीत मराठी आणि इंग्रजीची अदलाबदल करणारा लँग्वेज बार त्याच्याच जिवावर चालायचा. यादी वाचून त्याला घालवलं की मराठी गायब, आणि मग माणूस कीबोर्ड बदलत बसायचा. विंडोज १० मध्ये तर तो चालू नसला की कधी कधी स्टार्टच्या शोधखिडकीत अक्षरही उमटत नाही. यादी लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तुमचं काम नसतं, एवढं यातून लक्षात घ्या.

आता घातक. इथे मी तुम्हाला एक रकाना उघडून दाखवतो, जो बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. स्टार्टअपच्या यादीत वरच्या शीर्षकांच्या ओळीवर राइट क्लिक करा आणि 'कमांड लाइन'वर खूण करा. आता प्रत्येक नोंदीपुढे तिचा पूर्ण पत्ता दिसेल: कोणत्या ड्राइव्हमधून, कोणत्या फोल्डरमधून, कोणती फाइल उठते.

ही एक नोंद बघा. नाव नुसतं 'प्रोग्राम', चिन्ह कोरं, प्रकाशकाची जागा रिकामी. हिच्याइतका घाबरवणारा प्रकार नाही, आणि बहुतेक वेळा ती सगळ्यांत निरुपद्रवी असते. पत्ता वाचा: सी ड्राइव्ह, 'प्रोग्राम फाइल्स', पुढे कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरचं फोल्डर. ते सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलंय, नोंद मात्र मागे राहिली. शिवाय नोंद करणाऱ्याने पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घातली नव्हती, म्हणून विंडोजने पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच वाचलं: 'प्रोग्राम'. बंद करा आणि विसरा.

ही दुसरी नोंद मात्र वेगळी आहे. प्रकाशक: मायक्रोसॉफ्ट. फाइल: 'डब्ल्यूस्क्रिप्ट', विंडोजच्याच सिस्टिम ३२ फोल्डरमधली, डिजिटल सही (फाइल कोणत्या कंपनीची ते सांगणारी खूण) अस्सल. म्हणजे ठीक? पुढे वाचा. तिच्यापुढे दुसरा पत्ता जोडलाय: युजरच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमधली, निरर्थक अक्षरांच्या नावाची, 'व्हीबीएस' शेपटीची फाइल. डब्ल्यूस्क्रिप्टचं कामच दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट चालवण्याचं. रिक्षा ओळखीची आहे, पण आत बसलंय कोण ते बघायला नको? झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला आणि घरी आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, हा अनुभव इथे अर्ध्या सभागृहाला असेल. तो 'शॉर्टकट व्हायरस' बऱ्याचदा याच वाटेने मशीनमध्ये ठाण मांडतो. पेन ड्राइव्ह दहा वेळा साफ केला तरी पुन्हा तेच होतं, कारण उठणारा मशीनमध्ये आहे. 'रनडीएलएल३२' आणि 'पॉवरशेल' यांच्याबाबतीतही पुढचा भाग वाचल्याशिवाय सोडू नका.

पत्त्यावरून ढोंगही उघडं पडतं. 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचा अस्सल प्रोग्राम. विंडोजच्या अनेक सेवा त्याच्या पोटात चालतात, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून पुरेशी रॅम असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. म्हणून चालू प्रोसेसच्या यादीत तो पन्नासदा दिसला तरी बिघडत नाही. त्याचं घर सिस्टिम ३२ मध्ये, किंवा ६४-बिट मशीनवर सिसवॉव ६४ मध्ये. 'टेम्प' नाहीतर 'अ‍ॅपडेटा'मधून उठला तर तो तोतया. आणि स्टार्टअपच्या या यादीत अस्सल एसव्हीसीहोस्ट नसतोच, त्याला उठवणारी विंडोजची यंत्रणा वेगळी आहे. स्पेलिंगही नीट वाचा: व्ही आणि सीची अदलाबदल, 'ओ'च्या जागी शून्य, विंडोजच्याच 'एलसॅस' या प्रोग्रामच्या नावातल्या स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय. पडद्यावर ते डोळ्यांना सारखेच दिसतात.

मात्र अ‍ॅपडेटा म्हणजे चोरच, असंही नाही. तिथे फाइल ठेवायला अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही, म्हणून व्हायरसला ती जागा आवडते आणि त्याच कारणाने झूमसारख्या अ‍ॅपलाही आवडते. अशा वेळी डिजिटल सही बघायची. नोंदीवर राइट क्लिक, 'ओपन फाइल लोकेशन', मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स'.

टास्क मॅनेजर मात्र सगळं दाखवत नाही. त्यात मुख्यतः रजिस्ट्रीमधल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, 'रन' नावाच्या नोंदी आणि स्टार्टअप फोल्डर येतं. सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम), टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्राम उठवणारी सोय) आणि आणखी कितीतरी कोपरे राहून जातात. यासाठी 'ऑटोरन्स' आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्समधलं हे मोफत साधन. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवा, दुसरीकडून नाही. त्यात सही तपासण्याचा पर्याय चालू केला की सही न पटलेल्या ओळी गुलाबी दिसतात, आणि जिथे फाइलच जागेवर नाही त्या पिवळ्या. गुलाबी म्हणजे दोषी नव्हे. छोट्या दुकानांची बिलिंगची सॉफ्टवेअरं पुष्कळदा सही न घेताच येतात. गुलाबी म्हणजे चौकशी करा. याच रुसिनोविचना २००५ मध्ये स्वतःच्या मशीनवर लपवलेलं सॉफ्टवेअर सापडलं, आणि ते आलं होतं सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीमधून. विकत घेतलेल्या सीडीतून! घातक गोष्ट चोरट्या वाटेनेच येते असं नाही.

घातक सापडलं तर काय? आधी इंटरनेट तोडा. नोंद बंद करून थांबू नका, कारण असे प्रोग्राम बऱ्याचदा टास्क शेड्युलरमध्ये दुसरी नोंद ठेवतात आणि पहिली परत लिहितात. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, म्हणजे चोर झोपेत असताना. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधनं आहेत. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. त्याच मशीनवर बदललेत तर नवा पासवर्ड त्यालाच सांगितल्यासारखं होईल.

चिठ्ठीतून प्रश्न आलाय: एवढं करण्यापेक्षा एखादा क्लीनर, म्हणजे मशीन साफ करणारा प्रोग्राम, टाकला तर? क्लीनरही पुष्कळदा याच यादीत येऊन बसतो. आणि २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या क्लीनरच्या एका अधिकृत आवृत्तीतच कोणीतरी मालवेअर घुसवलं होतं. ती सुमारे २२.७ लाख मशीनवर पोहोचली होती, आणि तिच्यावर कंपनीची अस्सल सही होती. सही म्हणजे हमीपत्र नव्हे.

दुसरी चिठ्ठी: पत्ता बरोबर, सही बरोबर, नाव प्रसिद्ध, तरीही धोका असू शकतो का? असू शकतो. दुसऱ्याला तुमचं मशीन दूरून चालवू देणारे प्रोग्राम घ्या. दुरुस्तीवाल्यांना ते रोज लागतात. पण 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा फोनवर तेच टाकायला लावतो, आणि फोन ठेवल्यावरही ते सर्व्हिस म्हणून रोज सकाळी मशीनबरोबर उठतं. माझ्या सगळ्या कसोट्यांवर ते उत्तीर्ण होईल. तिथे प्रश्न एकच: हे मी स्वतःहून घेतलं का, आणि आता लागतं का? उत्तर 'नाही' असेल तर डिसेबल पुरत नाही, सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, आणि मशीन त्यानंतर. पुढची चिठ्ठी बहुतेक मॅकबद्दल आहे. तिथे सेटिंग्जमध्ये 'लॉगिन आयटम्स' बघा, तपासायची रीत हीच.