पाच लिटरची कॅन

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. कापूस वेचणीचे दिवस. बाया ओट्या बांधून केव्हाच वावरात गेल्यात. ही बत्तीस वर्षांची बाई मात्र आज घरी थांबली आहे. लघवीच्या तपासणीसाठी मोरीत एक पाच लिटरची कॅन ठेवलीय. पहाटेची पहिली लघवी सोडून द्यायची आणि उद्या पहाटेपर्यंतचा थेंब न् थेंब त्या कॅनमध्ये जमवायचा. आजची मजुरी बुडाली.

तीन वर्षांपूर्वी तिचा घसा धरला. दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. घरच्यांनी उष्णता म्हणून सब्जा पाजला. चार दिवसांत रंग निवळला, सगळे निर्धास्त झाले. किडनीचा हा आजार असाच फसवतो. पुढं लघवीला फेस येऊ लागला, तांब्याभर पाणी ओतलं तरी न बसणारा. पाय सुजले, बीपी वाढलं.

नागपुरात सुईनं किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढून तपासला, तेव्हा नाव कळलं: आयजीए नेफ्रोपॅथी. पॅरिसच्या डॉ. ज्याँ बर्जर यांनी 1968 मध्ये ओळखलेला आजार. आयजीए म्हणजे घसा आणि आतडी राखणारं आपलंच प्रतिपिंड. त्यातल्या काहींची घडण सदोष होते, शरीर त्यांनाच परकं समजून त्यांच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडं बनवतं, आणि दोघांचा गुंता किडनीच्या गाळणीत जाऊन अडकतो. गाळणी वर्षानुवर्षं निकामी होत जाते, आणि दुखत मात्र काहीच नाही.

डॉक्टरांनी बीपीची टेल्मिसार्टन दिली, जोडीला डापाग्लिफ्लोझिन. सासूबाई घाबरल्या. "हिले शुगर नाही न बाप्पा, मंग शुगरची गोळी कायले?" प्रश्न रास्तच होता. ही गोळी साखर नसलेल्यांचीही किडनी जपते. 2020 मध्ये भारतात तिचं मूळ पेटंट संपलं, मग स्वस्त जेनेरिक गोळ्या आल्या, म्हणून ती या घराला परवडते.

ताटातलं लोणचं आणि पापड गेले. ठेच्यात मीठ चिमटीभरच. वेचणीनं कंबर धरली तरी दुकानातली दुखण्याची सुटी गोळी घ्यायची नाही. ती किडनीवर घाला घालते.

अमेरिकेत 2021 पासून या आजारासाठीच मंजूर झालेली औषधं येताहेत. ब्युडेसोनाइडची एक कॅप्सूल लहान आतड्याच्या शेवटाला उघडते, कारण सदोष आयजीए बरंचसं तिथंच तयार होतं असं मानतात. मग 2023 मध्ये स्पार्सेन्टन, 2024 मध्ये इप्टाकोपॅन. इतकी वर्षं स्टेरॉइडपलीकडं फारसं काही नव्हतं, त्यामुळं ही यादी वाचताना मन खरंच भरून येतं. पण ही औषधं फार महाग आहेत. आणि कुणाला काय द्यायचं हे ठरतं ते लघवीतून किती प्रोटीन जातंय यावर. ते या कॅनमधूनच कळणार.

पहिल्या खेपेला दिवसाचे 3.2 ग्रॅम होते. मागच्या वेळी 1.4. डॉक्टरांना अर्ध्या ग्रॅमच्या खाली हवेत.

दुसरी सकाळ. कॅनचं झाकण तिनं दोनदा आवळलं, कॅन कापडी पिशवीत घातली, वर जुनं लुगडं गुंडाळलं. सातच्या एसटीत खिडकीजवळ बसून तिनं पिशवी मांडीवर घेतली आहे. रस्ता खड्ड्यांचा आहे, आणि दोन्ही हात झाकणावर आहेत.