धोट्याची फेरी आणि कापडाचा पन्हा

नमस्कार. विषय क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या दूरच्या सर्व्हरचा आहे, पण सुरुवात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यापासून करतो. तिथले कॉम्प्युटर मी बरीच वर्षं सांभाळतोय. हिशेबाचा सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यात आणि भिंतीपलीकडे माग. एप्रिलमधल्या एका दुपारी तो बंद पडला. झाकण उघडलं, तर पंख्याभोवती कापसाच्या तंतूंचा एवढा थर की बोटाने उचलल्यावर अख्खा निघाला. डिस्क गेलेली. बॅकअप होता, पण त्याच टेबलाच्या खणात, पेनड्राइव्हवर आणि चार महिन्यांपूर्वीचा. हिशेबनीस बाईंनी बिलांच्या प्रती समोर ठेवून सगळं पुन्हा भरलं. सतरा दिवस त्या रात्री नऊपर्यंत बसत होत्या. मला ते अजून टोचतं.

मग सगळं क्लाउडवर नेलं. पुढच्या जानेवारीत, ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत, गटारासाठी रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली. गेटवर माल भरून दोन ट्रक उभे. राज्याबाहेर जाणारा 50,000 रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे वाहतुकीच्या जीएसटी कागदाशिवाय, हलवता येत नाही आणि बिलिंग तर क्लाउडवर. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते एवढंच म्हणाले, "अरे, सर्व्हर कोपऱ्यात होता तेव्हा गाडी तरी अडत नव्हती." मला उत्तर सुचलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बसलो आणि फोनच्या नेटवर बिलं काढली.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, इंटरनेट 100 एमबीपीएसचं 300 करून टाक. थांबा, हेच तर मला सांगायचंय! तुम्ही मागवाले आहात, तुम्हाला लगेच पटेल. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते, जसा कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, या काठावरून त्या काठाला जाऊन परत यायला जो वेळ लागतो, तशी लेटन्सी: निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायचा वेळ. पन्हा वाढवला म्हणून धोटा वेगाने धावत नाही. आणि ताण्याचा धागा तुटला तर पन्हा कितीही असो, माग थांबतोच.

मुंबई इथून सुमारे 400 किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद. वाटेतली वळणं आणि राउटर धरून त्याच्या काही पट. सर्व्हर अमेरिकेत असेल तर एक फेरी 200 च्या वर जाते. एका बिलाला प्रोग्रॅमने एकामागून एक चाळीस फेऱ्या मारल्या, की बाई आठ सेकंद पडद्याकडे बघत बसणार. ॲमेझॉनच्या क्लाउडची केंद्रं मुंबईत 2016 पासून, हैदराबादेत 2022 पासून आहेत. जवळचंच मागून घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. फायदे भराभर सांगतो. सर्व्हर विकत घ्यायला एकदम पैसे घालावे लागत नाहीत, वापराल तेवढंच भाडं. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी क्षमता वाढवा, नंतर कमी करा. जीएसटीवाले सल्लागार त्यांच्या ऑफिसातूनच खाती बघतात. तरी आपल्या डेटाची एक प्रत आपल्याकडे ठेवाच.

लाइन घेताना अपलोड किती ते विचारा, जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. 10 एमबीपीएस अपलोडवर 100 जीबी चढवायला 22 तास लागतात, म्हणून पहिली भरती सुट्टीच्या आदल्या रात्री लावा. लाइनी दोन हव्यात, कंपन्या वेगळ्या आणि वाटाही वेगळ्या; दोन्ही एकाच खांबावरून येत असतील तर जेसीबीला एकच फटका पुरतो. एक तुटली की आपोआप दुसरीवर जाणारा राउटर मिळतो. राउटर आणि फायबरची डबी, दोन्ही यूपीएसवर ठेवा.

अण्णांकडे दुसरी लाइन आता मागच्या भिंतीकडून येते. गेल्या पावसाळ्यात पुढची लाइन तीन तास बंद होती. बाईंना ते संध्याकाळी मी सांगितल्यावर कळलं.