परसातलं झाड: नर की मादी?

मंडळी, परसात काही वेगळं लावायचं म्हणून आपण रोपवाटिकेत जातो, तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारतो. केवढ्याला? आणि फळ कधी धरणार? माझं सांगणं असं की, त्याआधी एक प्रश्न विचारा: हे झाड नर आहे की मादी?

आंब्या-फणसाला हा प्रश्न येत नाही, कारण त्यांची नर फुलं आणि फळ धरणारी फुलं एकाच झाडावर असतात. पपईचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण पपई काही महिन्यांत कळते. नर निघाली तर उपटून दुसरी लावता येते. कोकमाचं तसं नाही. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, बी रुजवली तर फुलावर यायला सात-आठ वर्षं जातात, आणि तोवर पान बघून, खोड बघून काही म्हणता काही कळत नाही. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. ज्याच्या दारात एकाच झाडापुरती जागा आहे, त्याचं हे फार मोठं नुकसान आहे.

थंडीत कोकम फुलतं तेव्हा जवळ जाऊन बघा. नर झाडावर फुलांचे झुपके असतात आणि प्रत्येक फुलाच्या मध्यात पुंकेसरांचा गोळा. मादी फूल बहुधा एकेकटं, जरा टपोरं. आत हिरवा अंडाशय आणि त्याच्या डोक्यावर पराग झेलणारी चिकट कुक्षी. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

म्हणून कोकम लावायचं तर मादी झाडाचं मृदकाष्ठ कलमच, म्हणजे बियांच्या रोपावर मादी झाडाची कोवळी काडी बांधून केलेलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात मला परसासाठी पसंत आहे. तिची बरीचशी फळं पावसाआधी हाती येतात. आमसुलं वाळवायला ऊन लागतं, आणि मृगात पिकलेले रातांबे झाडाखालीच कुजतात, हे कोकणात वेगळं सांगायला नको. कलम घेताना काडी उभ्या फांदीची की आडव्या, तेही विचारा. उभ्या काडीचं झाड सरळ वर जातं, आडव्या काडीचं पसरट होतं. आसपास नर झाड नसेल तर एक नर कलमही लावा. दहा माद्यांना एक पुरतं.

जायफळाचं दुखणं हेच. तिथे मादी झाडाच्या एका फांदीवर नराची काडी बांधता येते, म्हणजे एका झाडात काम भागतं. रामबुतानच्याही बियांच्या रोपांत नर निघतात, तेव्हा डोळा भरलेलंच, म्हणजे फळ देणाऱ्या झाडाची कळी सालीत बसवून केलेलंच रोप घ्या.

मँगोस्टीन मात्र निराळं. ते कोकमाच्याच कुळातलं, पण त्याची बी परागाशिवाय तयार होते, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं आणि नराची गरजच उरत नाही. बी वाळू न देता लगेच लावावी लागते, सुरुवातीची काही वर्षं सावली लागते आणि वाढ अतिशय संथ. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जरूर लावा. देशावरच्या कोरड्या उन्हात मी आग्रह धरणार नाही.

आणि कलम लावून झालं की सांध्याखाली लक्ष ठेवा. तिथून फुटवे येतात, जोमाने येतात, आणि कलम छान वाढतंय असं वाटतं. तो फुटवा खालच्या खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधली त्याचा. खुंट बियांचा, म्हणजे नरही असू शकतो. दिसला की खुडा.