मेंदी काळी नसते

(इंदूरच्या रामबाग भागात महिला मंडळाच्या मासिक सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. वर येताना जिन्यात दोघीजणींनी मला थांबवून एकच गोष्ट विचारली, "ताई, मेंदीने केस काळे कसे करायचे?" मी म्हटलं, चला आत, सुरुवात त्यानेच करते. तर सुरुवात अशी की मेंदीने केस काळे होत नाहीत. नुसत्या मेंदीने ते कधीच झालेले नाहीत. ज्या पुडीवर मेंदी लिहिलेलं असतं आणि जी पंधरा मिनिटांत केस काळेभोर करून देते, तिच्यात मेंदीखेरीज आणखी काहीतरी घातलेलं असतं. ते काय असतं, हे घरोघरी माहीत व्हायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून मी आज आले.

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण मेंदीची ओळख त्याच्या खूप आधीची. आमच्या आजीचं घर खजुरी बाजाराजवळ होतं. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की ती लोखंडी कढई काढायची. मेंदीची पूड जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची, अगदी वस्त्रगाळ. कापडात उरलेल्या काड्या तुळशीत टाकायची. मग चहाचं कोमट पाणी, मूठभर आवळकाठीची पूड, अर्धं लिंबू, आणि वर ताटली झाकायची. सकाळी ताटली उचलली की भिजलेल्या पाल्याचा तो वास सगळ्या ओसरीभर व्हायचा. आजी बोटाने कढईत एक रेघ ओढायची. वरचा थर तांबूस तपकिरी, आणि रेघेच्या आत हिरवागार. तेवढं दिसलं की म्हणायची, "झाली हो, या आता."

त्या रेघेचा अर्थ मला एमएस्सीला गेल्यावर कळला. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो. वाळलेल्या पानाच्या वजनात तो जेमतेम एक ते दोन टक्के भरतो. पण पानात तो मोकळा नसतो, साखरेच्या रेणूला बांधलेल्या रूपात असतो. पाणी मिळालं, थोडी आंबट साथ मिळाली आणि वेळ दिला की ती बांधणी सुटते आणि रंग मोकळा होतो. हवा लागलेल्या वरच्या थरात तो पुढे जाऊन तपकिरी होतो. आतली मेंदी अजून हिरवी दिसते. आजीच्या बोटाखाली जे दिसत होतं ते हे.

मोकळा झालेला लॉसोन केसातल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. नखातही केराटिनच असतं, आणि नख कातडीच्या वरच्या थरासारखं झडत नाही, म्हणून तर हाताची मेंदी दहा दिवसांत जाते आणि नखावरची महिनोन्महिने राहते, नख वाढून कापलं जाईपर्यंत. केसांचंही तसंच. हा रंग धुऊन जात नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेवढी पांढरी मुळं खालून डोकावतात, बाकीचा रंग जागच्या जागी असतो.

आता भिजवायची किती वेळ? हे पुडीवर लिहिलेल्या तासांवर ठरवू नका, आपल्या हवेवर ठरवा. मे महिन्यात, पारा चाळिशीला असताना, सकाळी भिजवलेली मेंदी तीन-चार तासांत तयार होते. डिसेंबरात तिला अख्खी रात्र लागते. शंका वाटली तर तळहातावर वाटाण्याएवढी ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. केशरी डाग दिसला तर लावायला हरकत नाही. आणि तयार झालेली मेंदी दोन दिवस पडू देऊ नका, कढईतच तिचा जोर संपतो. उरली तर डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, महिनाभराने मुळांना कामी येते.

पाण्याविषयी एक सांगते. नळाला नर्मदेचं पाणी येतं तेव्हा ते भरून ठेवा आणि मेंदीला तेच वापरा. बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही अशा पाण्यात मेंदीही नीट रंगत नाही. तेच वापरावं लागलं तर लिंबू थोडं जास्त पिळा.

दही आणि अंडं घालायची पद्धत आहे ना आपल्याकडे? मी आदराने पण स्पष्ट सांगते, रंग हवा असेल तर दोन्ही घालू नका. मघाशी म्हटलं की हा रंग प्रथिनाला धरतो. दह्यात आणि अंड्यात प्रथिनच तर आहे! मग रंग केसाला धरायच्या आधी त्यांनाच धरणार. केस मऊ करायचे असतील तर दही वेगळ्या दिवशी लावा. तेलाचंही तेच, आदल्या दिवशी चोपडलेलं तेल रंगाच्या आड येतं. केस शिकेकाईने किंवा साध्या शांपूने धुऊन कोरडे करा आणि मग बसा.

आता पुडीकडे वळू. चांगली मेंदी राजस्थानातून येते, पाली जिल्ह्यातल्या सोजतची. तिला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या मारोठिया बाजारात किराण्याच्या दुकानात सुटीही मिळते आणि डझनभर पुड्याही दिसतात. हिरवा रंग बघून भुलू नका. खरी वाळलेली मेंदी जरा मळकट हिरवी असते, पोपटी नसते. घरी आणल्यावर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर वरून सोडा. पाण्यात लगेच हिरव्या रेघा उतरू लागल्या तर पोपटी दिसावी म्हणून रंग मिसळलेला आहे. आणि थोड्या वेळाने ढवळून बघा, तळाशी रेती बसली तर तुम्ही वाळूचे पैसे दिलेत. एवढं करायला दोन मिनिटं लागतात. भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतोच ना?

कढईचं रहस्य सांगते, कारण 'लोखंडी कढईने केस काळे होतात' असं सगळ्याच म्हणतात. चहात आणि आवळ्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, उकळून पोथ्यांची शाई करत, ती याच जोडीवर. कढईत तेच होतं, म्हणून मेंदीचा केशरीपणा खाली बसतो आणि रंग तपकिरीकडे झुकतो. पण ती शाई बरीचशी वरवरची असते, पहिल्या दोन धुण्यांत उतरते. आणि पुढे कधी पार्लरमध्ये केसांचा रंग उतरवायचा किंवा बदलायचा विचार असेल तर कढई वापरू नका, काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. केसावर लोखंडाचा अंश असताना पेरॉक्साइड लावलं तर केस खराब होतात.

खरोखर काळे हवे असतील आणि पाल्यानेच हवे असतील, तर एक रस्ता आहे. तो दोन टप्प्यांचा आहे: आधी मेंदी, मग निळीच्या पानांची पूड. कपड्यांना घालतो ती नीळ नव्हे! हा धोक्याचा घोटाळा आहे, म्हणून दोनदा सांगते, कपड्यांची नीळ नव्हे. ही नीळ म्हणजे झाडाच्या वाळवलेल्या पानांची हिरवट पूड. तिचा स्वभाव मेंदीच्या अगदी उलट. तिला आंबट चालत नाही, रात्रभर ठेवलेलं चालत नाही. साध्या कोमट पाण्यात कालवायची, चिमूटभर मीठ, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि वाडग्याच्या कडेला निळसर झाक दिसली की लगेच लावायची. पानातला बिनरंगी पदार्थ पाण्यात सुटतो आणि हवेशी भेटून निळा होतो. ती भेट वाडग्यात झाली तर फुकट, केसात झाली तर उपयोगाची. खाली मेंदीचा केशरी, वर निळीचा निळा, दोन्ही मिळून गडद तपकिरी ते काळा. धुतल्यावर पहिल्या दिवशी हिरवट छटा दिसली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत ती बसते. नुसती नीळ पांढऱ्या केसांवर लावू नका, एवढंच.

आणि आता ज्यासाठी मी आले ते. बारा वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या वहिनींनी 'काळी मेंदी' म्हणून एक पुडी आणली. बाहेर पानाचं चित्र. पाण्यात कालवली, अर्ध्या तासात धुतली, केस छान काळे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांचे डोळे उघडत नव्हते. पापण्या फुगून पोळीसारख्या झालेल्या, कानाच्या पाळ्या लाल, मानेवर पाणी सुटलेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "केसांना काय लावलंत?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही हो, मेंदीच." पुडी मागवली. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात, दोन नावं होती: पॅराफेनिलीनडायमिन आणि बेरियम पेरॉक्साइड. पहिला पदार्थ काळा रंग तयार करतो, दुसरा त्याला ती क्रिया करायला लावतो. मेंदी होती, पण नावापुरती.

पॅराफेनिलीनडायमिन, म्हणजे पीपीडी, बाजारातल्या बहुतेक काळ्या डायमध्ये असतं. पुष्कळांना ते सोसतं. पण ज्याला एकदा त्याची ॲलर्जी झाली त्याला ती बहुधा जन्मभर राहते, आणि दर खेपेला आधीपेक्षा जोरात उठू शकते. काळे केस हवे असणं यात काही चूक नाही. डाय लावायचा तर डाय म्हणून, माहिती घेऊन लावावा. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबावं, खाज किंवा लाली आली तर विषय संपला. वहिनींनी हे केलं नाही, कारण त्यांना वाटत होतं आपण मेंदी लावतोय. मेंदीला कोण तपासून बघतं? तो विश्वास त्या पुडीने मोडला, आणि मला आजही त्याचा राग येतो.

एक गोष्ट लहान मुलांची. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, जन्मजात कमतरता असते. अशा मुलांच्या अंगाला मेंदी, अगदी शुद्ध मेंदीसुद्धा, लागली तर तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. तेव्हा बारशाला तान्ह्या बाळाच्या तळव्यांना हौसेने मेंदी लावू नका.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली.)

मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलंय की त्यांचे सगळे केस पांढरे आहेत, मेंदी लावली तर भगवे दिसतील का. हो काका, दिसतील. मेंदी रंगीत काचेसारखी असते, खाली जे आहे ते तिच्यातून दिसतं. काळ्या केसांवर उन्हात तांबूस चमक येते, पांढऱ्यावर सरळ केशरी. दर महिन्याला लावत गेलात तर थरावर थर चढून रंग खोल, तांबडा-तपकिरी होतो. म्हणूनच लांब केसांच्या बायकांना मी सांगते, दर वेळी फक्त मुळांना लावा, नाहीतर टोकं गडद जांभळट होतात आणि मुळं केशरी राहतात. मुळांना ५० ग्रॅम पुरते. खांद्यापर्यंतचे सगळे केस असतील तर १५० ते २०० ग्रॅम लागते. दोन ते तीन तास ठेवा, वाळू देऊ नका, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. नुसत्या पाण्याने धुवा, शांपू दुसऱ्या दिवशी.

आणि या ताई विचारतायत की मुलीचं लग्न वीस तारखेला आहे, तर एकोणीसला लावू का. नको. धुतल्यावर पहिल्या दिवशी रंग भडक असतो, हवा लागून तो दोन-तीन दिवसांत खाली बसतो. सोळाला रात्री भिजवा, सतराला सकाळी लावा. अठराला थोडं खोबरेल. वीसला फोटोत रंग जसा हवा तसा आलेला असेल.