मायामीच्या उन्हात मिंकचा कोट

साल 2000. मायामीत व्हिडिओचं शूटिंग चाललंय. उकाडा असा, की अंगातला सदरा नकोसा व्हावा. आणि त्यात एक माणूस मिंकचा जाडजूड फरकोट घालून कॅमेऱ्यासमोर उभा. अरे, एवढ्या उन्हात? विचारलं, तर त्याचं उत्तर तयार : टीव्हीला कुठे तापमान असतं!

तो चॅड बटलर. रॅपच्या दुनियेत पिंप सी. गाणं होतं 'बिग पिंपिन'. न्यूयॉर्कचा बडा रॅपर जे-झी याचं गाणं, संगीत-निर्माता टिंबालंडची बीट (गाण्याखालचा ठेका), मागे एका जुन्या इजिप्शियन गाण्याची धून. दुसरा कुणी असता तर धावत गेला असता. पिंप सीला मात्र ती धूनच पटली नव्हती. त्याला वाटे, आपले दक्षिणेतले लोक म्हणतील, हे न्यूयॉर्कवाल्यांना विकले गेले. कसाबसा तयार झाला, तोही आठ ओळींपुरता. बाकीची मंडळी शूटिंगला त्रिनिदादला गेली, हा गेलाच नाही. शेवटी त्याचा भाग मायामीत उरकावा लागला. आणि गंमत बघा, जगभरात बहुतेकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते याच गाण्यात.

(दृश्य : रात्रीचा पोर्ट आर्थर, रिफायनरीच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा)

एवढा हट्ट आला कुठून, ते कळायला त्याच्या गावी यावं लागतं. टेक्सासच्या आग्नेय टोकाला, ह्यूस्टनपासून दीडेकशे किलोमीटरवर पोर्ट आर्थर. तेलाचं गाव. रात्रभर चिमण्या पेटलेल्या. पैसा पाइपांतून वाहतो, पण पाइपांच्या कडेला राहणाऱ्या काळ्या वस्त्यांत फारसा उतरत नाही.

29 डिसेंबर 1973 चा त्याचा जन्म. वडील ट्रंपेट वाजवायचे. सावत्र वडील बँडचे शिक्षक. पोरानं ड्रम मशीनवर काहीतरी ठोकून दाखवलं, तर मास्तरांनी कान उपटले : हा नुसता गोंगाट आहे, यात जरा संगीत घाल. शेरा कडक होता, पण पोरानं तो आयुष्यभर पाळला. शाळेत असताना हाच मुलगा इटालियन गाणी शास्त्रशुद्ध गळ्यानं गात होता, हे त्याच्या नावावरून कुणाला खरं वाटणार नाही.

गावातलाच मित्र बर्नार्ड फ्रीमन, म्हणजे बन बी. दोघांची जोडी अंडरग्राउंड किंग्ज, यूजीके. बनचे शब्द तोलूनमापून, आवाज जड. पिंप सीचा आवाज नाकातला, चिरका, दार धाडकन उघडून घरात शिरल्यासारखा. शिवाय बीट त्याच्याच. 1992 मध्ये 'टू हार्ड टू स्वॅलो' हा अल्बम आला आणि टेक्सास, लुइझियानातल्या गाड्या हादरू लागल्या.

आता कान जरा इकडे द्या. तेव्हाचं बरंचसं रॅप जुन्या रेकॉर्डचे तुकडे जोडून बनायचं. पिंप सीला हाडामांसाचे वादक हवे होते. न्यू ऑर्लिन्सच्या मीटर्स बँडचा गिटारवादक लिओ नोसेंटेली त्यानं स्टुडिओत आणला. त्यावर ऑर्गन. आपल्याकडे संगीत नाटकात ऑर्गनचा सूर लागला की प्रेक्षक सावरून बसायचे. तिकडे तो सूर रविवारच्या चर्चमधला. पिंप सीनं तो उचलला आणि अमली पदार्थ विकणाऱ्या पोरांच्या कहाण्यांखाली पसरला. पाप खाली मान घालून बसलंय आणि चर्च वाजतंय, असं काहीतरी होतं ऐकताना. याला हिप-हॉप म्हणू नका, असं तो म्हणे. हे 'कंट्री रॅप ट्यून्स'. आपल्या भाषेत, गावरान रॅप.

न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस तेव्हा दक्षिणेला गावंढळ समजत. 1996 चा 'रायडिन डर्टी' बघा : एकही व्हिडिओ नाही, बाजारात सुटं गाणं (सिंगल) नाही, तरी बिलबोर्डच्या अमेरिकी लोकप्रिय अल्बमच्या यादीत थेट पंधराव्या क्रमांकावर. नुसती तोंडातोंडी जाहिरात.

एक मात्र बोलायलाच हवं. 'पिंप' म्हणजे बायकांचा दलाल. बायकांबद्दलच्या त्याच्या कितीतरी ओळी आज ऐकवत नाहीत, आणि तेव्हाही ऐकवायला नको होत्या. सूर गोड म्हणून शब्द धुतले जात नाहीत.

जिभेसारखा हातही आवरला नाही. ह्यूस्टनच्या मॉलमधल्या एका भांडणात पिस्तूल निघालं, खटला झाला, पुढे प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहण्याच्या, अटी मोडल्या आणि 2002 मध्ये आठ वर्षांची शिक्षा. जोडीदार आत. बन बीनं काय केलं? ज्याच्या त्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून गेला आणि जाईल तिथे 'फ्री पिंप सी' म्हणत राहिला. टी-शर्टांवर तेच, मिक्सटेपवर तेच. शेवटी 30 डिसेंबर 2005 ला तो सुटला.

(दृश्य : चर्चची पायरी, लग्नाची गर्दी)

ऑगस्ट 2007. 'अंडरग्राउंड किंग्ज' हा दुहेरी अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर. त्यातलं आउटकास्ट या रॅपर जोडीसोबतचं गाणं आजही लग्नांत वाजतं. सुरुवातीला त्या जोडीतला आंद्रे 3000 ढोलाशिवाय, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा बोलतो, मग ठेका पडतो आणि पिंप सी घुसतो. तोच चिरका आवाज. तुरुंगानं त्याला काही केलं नव्हतं.

4 डिसेंबर 2007. वेस्ट हॉलिवूडमधल्या हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. कोडीनचं खोकल्याचं औषध, आणि त्यात झोपेत श्वास अडकण्याचा आजार. ह्यूस्टनच्या रॅपमध्ये नशेसाठी प्यायल्या जाणाऱ्या त्या जांभळ्या औषधाची गाणीच्या गाणी आहेत. सात वर्षांपूर्वी शहराचा लाडका डीजे स्क्रूही त्याच कोडीनच्या पायी गेला होता. पिंप सीच्या चौतिसाव्या वाढदिवसाला पंचवीस दिवस उरले होते. त्या लग्नाच्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन जाहीर झालं, तेही त्याच आठवड्यात.

2009 मध्ये यूजीकेचा शेवटचा अल्बम आला. पिंप सीचा आवाज आधीच रेकॉर्ड झालेला होता. स्टुडिओत बन बी हेडफोन लावून त्या आवाजाशेजारी आपल्या ओळी बसवत होता.