काळ्या पाच, राग पाच

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका घरगुती सभेत दिलेल्या सप्रयोग व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी पेटीकडे लक्ष द्या. आमचे पेटीवादक मित्र आता एकाही पांढऱ्या पट्टीला बोट लावणार नाहीत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी तीनला लावलाय, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी हा आपला सा. वाजवा: काळी तीन, चार, पाच, मग वरच्या सप्तकातली एक आणि दोन. काय ऐकू आलं? राग भूप, बरोबर. आता तानपुरा काळी पाचला न्या आणि त्याच पाच पट्ट्या काळी पाचपासून वाजवा. मागून कोणीतरी 'मालकंस' म्हणालं. शाबास! नवी पट्टी एकही आली नाही, जुनी एकही गेली नाही. फक्त सा हलला. भूपातला गंधार (ग) मालकंसाचा षड्ज (सा) होऊन बसला. काळी चारपासून निघालात तर मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतील, काळी एकपासून दुर्गाचे, काळी दोनपासून धानीचे. याला आपण मूर्च्छना म्हणतो, कर्नाटक संगीतात ग्रहभेद म्हणतात.

आता गंमत बघा. तानपुरा परत काळी तीनला आणा आणि मघाची मालकंसाची फिरत जशीच्या तशी वाजवा. कुठे गेला मालकंस? गंधारावर घुटमळणारा भूप तेवढा उरला. बोटं तीच, पट्ट्या त्याच, पण तानपुऱ्याने सगळा निकाल फिरवला. भर मैफलीत मूर्च्छना घेणाऱ्या गायकाची हीच पंचाईत असते. मागे दोन तानपुरे जुना सा घोकत असतात आणि त्याला श्रोत्यांच्या कानात नवा सा बसवायचा असतो. चांगला गायक तो बसवतोही. पण माझं मत विचाराल तर दोन आवर्तनं पुष्कळ झाली. त्याहून ताणलं तर टाळ्या मिळतात, राग मात्र विस्कटतो.

पाश्चात्त्य संगीतात असा कायम गुणगुणणारा सा नसतो, त्यामुळे तिथे मोठमोठ्या रचना पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, बदलण्यावरच उभ्या असतात. समजा पांढरी एकच्या शुद्ध स्वरसप्तकातून पांढरी पाचच्या सप्तकात जायचंय. दोन्हींत फरक एकाच स्वराचा: पांढरी चार जाते, काळी तीन येते. मग संगीतकार दोन्ही सप्तकांना सामाईक असलेला एखादा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, निवडतो. उदाहरणार्थ पांढरी सहा, एक आणि तीन. जुन्या पट्टीत हा सहाव्या स्वरावरचा कॉर्ड, नव्या पट्टीत दुसऱ्या. आपलं ठाणे स्टेशन घ्या ना. कल्याणहून सीएसएमटीला निघालेल्या माणसाला ते वाटेतलं स्टेशन, पण नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशी-पनवेलची गाडी धरणाऱ्याला तेच पहिलं. नुसतं ठाण्यात उभं असताना तुम्ही कुठल्या लाइनवर आहात ते कळत नाही, गाडी ऐरोलीकडे वळली की कळतं. इथे ते वळण काळी तीन घेते. पुढच्या कॉर्डमध्ये पांढरी दोन, सहा आणि एक यांच्या जोडीला ती वाजते आणि कान मुकाट्याने पांढरी पाचला सा मानायला तयार होतो. ऐका... कळलं? पुन्हा वाजवा.

हे बाराही पट्ट्यांतून सारखंच जमतं, कारण पेटीचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं आहे. नैसर्गिक गुणोत्तरांनी मिळवलेल्या स्वरांत ते तसं जमत नाही. भूपाचा रिषभ (रे) साच्या कंपनसंख्येच्या ९/८ पट आणि धैवत (ध) ५/३ पट असा मिळवलात, तर रिषभाला सा मानल्यावर धैवत पंचमाच्या जागी येतो. पंचम हवा ३/२, पदरात पडतो ४०/२७. अर्ध्या स्वराचा सुमारे पाचवा हिस्सा उतरलेला! स्वरमंडलावर, त्या तारांच्या वाद्यावर, लावून बघा, कानाला टोचतो. पेटीवर टोचत नाही, पण त्याबदल्यात तिचा गंधार कायमचा चढा. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं त्यामागे या असल्या तक्रारी होत्याच. मी त्या भांडणात पडत नाही, मला आज पेटीची आणि त्या नैसर्गिक स्वरांची, दोन्हींचीही गरज आहे.

आता युगुलगीत बांधणाऱ्यांच्या कामाचं. पुरुषाचा आवाज काळी एकचा, बाईंचा काळी तीनच्या आसपासचा. सरसकट एकच पट्टी धरली तर एकाला तरी घसा ताणावा लागतो किंवा खर्जात पुटपुटावं लागतं. त्याला काळी एकमधून अभोगी द्या: काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. तिला काळी तीनला सा धरायला सांगून याच पाच पट्ट्या द्या. कलावती! त्याचा मध्यम तो तिचा षड्ज. पं. जसराजांनी जसरंगी जुगलबंदी याच तत्त्वावर उभी केली: दोघं आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात आणि स्वर मात्र सामाईक.

यात तबल्याचाही विचार झालेला आहे. काळी एकला मिळवलेला तबला काळी तीनचा पंचम होतो, त्यामुळे पट्टी बदलली तरी तो बेसूर लागत नाही. ऑर्केस्ट्रात शेवटचं कडवं अर्धा स्वर वर चढवतात ना, तिथे खरी अडचण येते. चाल तीच, शब्द तेच, नवं काही सांगायचं नसतं म्हणून वर उचलायचं; मला तो प्रकार फारसा रुचत नाही. तरीही करायचाच असेल, तर तबलजींना शेजारी दुसरा तबला मिळवून ठेवायला आधीच सांगा. गाणं चालू असताना त्यांना हातोडी उचलायला सवड मिळत नाही.