आजीला ठाऊक असलेला चौक

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या सोलापूर भागातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "एकदा पुण्याला जाऊन कॉलेजं बघून येऊ." मग एक दिवस वडील आणि मुलगी पहाटे उठतात, साडेसहाच्या सुमाराला हुतात्मा एक्सप्रेस पकडतात, पुण्यात रिक्षा करून दोन-तीन कॉलेजांच्या फाटकांशी जाऊन येतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परततात. रात्री घरात आजी विचारते, "कसं होतं गं कॉलेज?" मुलगी म्हणते, "मोठं आहे." बस, तेवढंच घरापर्यंत पोचतं.

आज मला आपल्याशी बोलायचंय ते याच फेरीबद्दल. ही फेरी सगळ्या घरानं मिळून करावी आणि एका दिवसात उरकू नये, असं मला मनापासून वाटतं. आमच्या थोरलीसाठी आम्ही पाचही जण तीन दिवस पुण्याला गेलो होतो. मी, हे, थोरली, सहावीतला धाकटा आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते, मुलांची ती आजी. ते तीन दिवस कसे आखले, काय चुकलं, काय साधलं, ते सांगते.

चुकलं ते आधी सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मे महिन्यात दोन दिवस जाऊन आलो होतो. सुट्ट्या होत्या, धाकटाही मोकळा होता, म्हणून सोयीचं वाटलं. पण मे महिन्यात कॉलेजांनाही सुट्टी असते. एका कॉलेजात परीक्षा चालू होत्या, रखवालदारानं आत सोडलं नाही. दुसरीकडे आत गेलो तर सगळ्या वर्गांना कुलपं. रिकामी इमारत बघून काही कळत नाही हो. कॉलेज कळतं ते मुलंमुली तिथं असताना. त्यांच्या हातात पुस्तकं आहेत का, ती कुठं बसतात, शिक्षकांशी कशी बोलतात, प्रयोगशाळेबाहेर गर्दी आहे की शुकशुकाट, हे डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून कामाच्या दिवसांत जावं, आणि मूल अकरावीत असताना जावं. बारावीच्या वर्षात मुलांना श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि सीईटीचा, म्हणजे प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागल्यावर जाऊ म्हणाल, तर तेव्हा दाखले गोळा करण्यात आणि पसंतीक्रम भरण्यात सगळे दिवस जातात. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं, की ती जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. इतका महत्त्वाचा तो पहिला क्रमांक, आणि कितीतरी घरांत तो कुणाच्या तरी सांगण्यावरून भरला जातो!

दुसऱ्या वेळी आम्ही फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला. जाण्याआधी थोरलीनंच कॉलेजांना फोन केले. "मी अकरावीत आहे, घरच्यांबरोबर कॉलेज बघायला यायचंय, कधी येऊ?" एवढंच विचारायचं होतं, पण त्यासाठी तिनं दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला. तिचे वडील फोन करायला निघाले होते, मी त्यांना थांबवलं. पुढं चार वर्षं अशी कामं तिलाच करायची होती.

आखणी करताना आम्ही एकच नियम ठेवला. सकाळचा वेळ थोरलीचा, एका दिवसाला एकच मोठं आवार. दुपारनंतरचा वेळ बाकीच्यांचा. एका दिवसात चार कॉलेजं केली, की संध्याकाळी कुठला जिना कुठल्या कॉलेजातला होता तेही आठवत नाही. आणि आजी व धाकटा नुसते ओढले गेले, तर ते कंटाळतात आणि त्यांचा कंटाळा बघून मुलगी आपले प्रश्न आवरते घेते.

पहिल्या दिवशी हुतात्मानं उतरलो. बरोबर शेंगा चटणी, कडक भाकरी आणि धपाटे होतेच. सामान लॉजवर टाकलं आणि पुणे स्टेशनवरूनच मेट्रो घेतली. आत्यांची पहिलीच मेट्रो. सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या, तेव्हा धाकट्यानं त्यांचा हात धरला. सिव्हिल कोर्टला उतरून आम्ही सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी कॉलेजला, गेलो. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथंच शिकले. खडकवासला धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच, हे सांगितल्यावर धाकटा एकदम सरसावून ऐकायला लागला. नदीकाठी त्यांचा बोट क्लब आहे, १९२८ पासून तिथं रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, भरतो. जवळच संगम पुलापाशी मुळा आणि मुठा एकमेकींना मिळतात. थोरलीला कॉलेज आवडलं, कार्यशाळाही आवडली. पण परत येताना ती गप्प होती. आम्ही विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिला काहीही विचारायचं नाही, असं आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. हे पाळणं सोपं नसतं, पण पाळावं.

दुसरा दिवस फर्ग्युसनचा. १८८५ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं काढलेलं हे कॉलेज. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे या मंडळींनी त्यासाठी कष्ट घेतले. आपटे पहिले प्राचार्य, पुढं आगरकरही प्राचार्य झाले. मी शिक्षिका आहे, मला त्या आवारात पाऊल टाकताना भरून आलं. इरावती कर्वे इथं शिकल्या. एक मुलगी त्या काळी इथं तत्त्वज्ञान शिकते आणि पुढं डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचं एवढं मोठं काम उभं करते, हे मी थोरलीला त्या झाडांखाली उभी राहून सांगितलं. घरी सांगितलं असतं तर तिनं "हो गं आई" म्हणून सोडून दिलं असतं.

पण त्या सकाळचं खरं काम केलं ते आत्यांनी. त्या एका कट्ट्यावर बसल्या होत्या. शेजारी एक मुलगी डबा खात होती. आत्यांनी तिला गाव विचारलं, ती निघाली बार्शीची! मग काय विचारता, आत्यांनी चटणीची पुरचुंडीच सोडली. थोरली शेजारी जाऊन बसली आणि पुढचा पाऊण तास आम्ही दोघं लांब उभे राहिलो. त्या मुलीनं जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, म्हणून शनिवारीच फळं आणून ठेवायची. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देऊन, खोली घ्यायची, पण एकाच खोलीत किती कॉट टाकल्यात आणि उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं, हे आधी बघायचं. पहिला महिना रडू येतं, दिवाळीला घरून परत येताना सर्वांत जास्त येतं, मग कमी होतं.

आणि मग आत्यांनी विचारलं, "पोरी, तू आजारी पडलीस तर कोण बघतं गं?"

मी आणि ह्यांनी वहीत बावीस प्रश्न लिहून नेले होते. प्लेसमेंट, फी, शिक्षकांची संख्या. त्यात हा प्रश्न नव्हता. ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "खोलीतल्या मैत्रिणी बघतात आजी. मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता, तर एक जण रात्रभर जागली." आत्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या एका उत्तरानं आत्यांची पुण्याबद्दलची निम्मी काळजी गेली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

श्रोतेहो, आपल्या घरात एखादी मुलगी बाहेरगावी शिकायला जाणार असेल, तर निर्णय एकट्या आईवडिलांचा नसतो. आजीची धास्ती, काकांचं मत, सगळं त्यात येतं. ज्यांना धास्ती वाटते त्यांनाच बरोबर न्यावं. त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

दुपारी कॉलेजातून बाहेर पडून आम्ही फर्ग्युसन रस्त्यानं चालत निघालो. पुस्तकं, कपडे, खाण्याची दुकानं, तरुण पोरांची ही गर्दी. आत्या जरा बावरल्या होत्या. तेवढ्यात त्यांनी पाटी वाचली, "ज्ञानेश्वर पादुका चौक." त्या जागच्या जागी थांबल्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा याच रस्त्यानं जातात. आमच्या आत्या वारकऱ्यांच्या घरातल्या. आषाढीला पंढरपुरात पोचणारी पालखी त्यांनी आयुष्यभर बघितली, पण ती पुण्यातून कुठल्या रस्त्यानं येते ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिथंच हात जोडले. त्यानंतर तो रस्ता त्यांना परका राहिला नाही.

संध्याकाळी दगडूशेठ गणपतीला गेलो. देवळासमोरच भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तिथं. वाडा आता राहिलेला नाही, तिथं स्मारक व्हायचंय. पण मी म्हणेन, मुलीचं कॉलेज बघायला पुण्याला गेलात तर त्या जागेपाशी दोन मिनिटं थांबाच. आमच्या आत्या चौथीपर्यंत शिकल्या, मी बीएड झाले, आणि थोरली पदवीसाठी पुण्याचं कॉलेज निवडत होती. तिघी त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. बोललं कुणीच नाही. आता स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो झालीय, मंडईचं स्टेशन आहे, जाणं सोपं आहे.

तिसरा दिवस आम्ही मुद्दाम २८ फेब्रुवारी धरला होता, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका सर्वांसाठी खुली असते. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं १९८८ साली उभी राहिलेली ही खगोलशास्त्राची संस्था. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. धाकटा तिथून हलेना. विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे, म्हणून आत्यांसाठी रिक्षा आतपर्यंत नेली. मुख्य इमारत, जी कधीकाळी गव्हर्नरसाहेबांची पावसाळ्यातली वस्ती होती, ती बाहेरून बघितली आणि संध्याकाळची गाडी गाठली.

खोल्या, रोजचा प्रवास आणि पैसे यांबद्दल थोडं. खोल्या बघायला गेलात तर त्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर एकदा चालून बघा. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का. आणि बसनं एकदा तरी जा. मुलगी रोज रिक्षानं जाणार नाहीये, तिचा रोजचा प्रवास बसचा किंवा पायी असणार, तो सगळ्यांनी तिच्याबरोबर एकदा करावा. खर्चाची भीती असेल तर चौकशी करा. ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात वसतिगृहं चालवते. सरकारच्या पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजना आहेत. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना ठरलेल्या प्रवर्गांतल्या मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. पैशांपायी मुलीचं नाव आधीच खोडू नका.

पुण्याऐवजी मुंबई असेल, तर माटुंग्याला जा. अभियांत्रिकीचं व्हीजेटीआय, रसायन तंत्रज्ञानाचं आयसीटी आणि कला-विज्ञानाचं रुईया ही तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण तिथंही सकाळी एकच.

परतीच्या गाडीत दौंड गेल्यावर थोरली आपणहून बोलली. "मला सीओईपी आवडलं, पण मला यंत्रं बनवण्यापेक्षा ती का चालतात ते शिकायचंय." ह्यांना अभियांत्रिकी हवी होती. त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. पण तिनं दोन्ही ठिकाणं स्वतःच्या पायांनी फिरून हे म्हटलं होतं. तिच्या बोलण्याला वजन होतं. बारावीनंतर तिनं फर्ग्युसनला बीएस्सीला प्रवेश घेतला.

आता रोज रात्री साडेआठला तिचा फोन येतो. मला ती अभ्यासाचं सांगते, वडिलांना पैशांचं, आणि मग आजीला द्या म्हणते. परवा पाऊस होता, गाड्यांच्या आवाजात तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. आत्यांनी विचारलं, "कुठं हायेस गं इतक्या रात्री?"

ती म्हणाली, "आजी, पादुका चौकात. पाच मिनिटांत खोलीवर पोचते."

आत्या म्हणाल्या, "बरं बरं, म्हणजे आलंच की मग." आणि फोन कानाला तसाच धरून, ती खोलीवर पोचेपर्यंत बसून राहिल्या.

नमस्कार.